जुनी फायबर मोटरबोट घेण्यापूर्वी: तपासणीचा क्रम आणि पद्धत

एप्रिल उजाडला की कोकण किनाऱ्यावर जुन्या मोटरबोटी विक्रीला निघू लागतात. पर्यटनाचा हंगाम संपत आलेला असतो, पावसाळ्यासाठी बोट वर ओढून झाकून ठेवण्याचा खर्च समोर असतो आणि मालकाला ती त्याआधी हातावेगळी करायची असते. अशी बोट विकत घेऊन दुरुस्त करण्याचा विचार प्रथमच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तो मुख्यतः अठरा ते चोवीस फुटांच्या, पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन मागे टांगलेल्या फायबर बोटींबद्दल आहे, कारण मुंबई, अलिबाग, मुरूड, मालवण आणि गोव्याच्या खाड्यांमध्ये नवख्या माणसाला परवडण्यासारखी जुनी बोट बहुधा याच जातीची मिळते.

नवखा गिऱ्हाईक आधी रंग पाहतो, मग इंजिन सुरू करून आवाज ऐकतो आणि तिथेच मनाने बोट घेऊन टाकतो. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. इंजिन बदलता येते, वायरिंग नव्याने ओढता येते, रंग तर कधीही देता येतो. पण आतला सांगाडा कुजलेला असेल किंवा कागदांत दोष असेल, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून आधी कागद, मग बोटीचे अंग आणि सर्वांत शेवटी इंजिन, असा क्रम मी येथे ठेवला आहे.

१. पाहणीची वेळ ठरवा

बोट पाण्यात चालवून पाहता यावी आणि पाण्याबाहेर तिचे बूडही पाहता यावे, अशी वेळ साधली पाहिजे. एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा यासाठी सर्वांत सोयीचा, कारण त्या वेळी समुद्र अजून चालवण्याजोगा असतो आणि बोट लवकरच वर काढायचीच असल्याने मालक बूड दाखवायला कुरकुर करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली बोट स्वस्त मिळते, मात्र तिची समुद्रातली चाचणी घेता येत नाही आणि ताडपत्री गळकी असेल तर पावसाचे पाणी महिनोन्‌महिने आत साचलेले असते. तरीही अशी बोट घ्यायची झाल्यास अर्धी रक्कम चाचणीनंतर देण्याची अट लेखी घालून घ्या.

दुरुस्तीचे वेळापत्रकही याच वेळी मनात असू द्या. फायबरचे काम दमट हवेत नीट होत नाही. ओल धरलेल्या पृष्ठभागावर रेझिन, म्हणजे काचेच्या तंतूंना घट्ट धरणारा चिकट द्रव, पकड घेत नाही. बंदिस्त, कोरडी शेड उपलब्ध नसेल, तर मेमध्ये घेतलेल्या बोटीचे काम ऑक्टोबरमध्येच सुरू होईल, हे गृहीत धरून पैसे आणि जागा यांचा हिशेब करा.

२. बोट पाहायला जाण्याआधी कागद मागवा

कागदांच्या छायाप्रती मागवल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पुढचा प्रवास वाचला असे समजावे. पुढील कागद मागा:

– नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावरील नाव व विक्रेत्याचे ओळखपत्र एकच असल्याची खात्री
– शेवटचे सर्वेक्षण प्रमाणपत्र (बोट चालवण्यायोग्य आहे का, याच्या अधिकृत तपासणीचे) आणि त्याची मुदत
– बोटीचे व इंजिनाचे मूळ खरेदी बिल. इंजिन थेट परदेशातून आणलेले असेल तर सीमाशुल्क भरल्याचा कागद
– विमा पॉलिसी, आणि पूर्वी काही दावा केला असल्यास त्याचे तपशील
– बोटीवर कर्ज असल्यास बँकेचे किंवा पतसंस्थेचे ना-हरकत पत्र
– मधल्या काळात मालक बदलले असल्यास प्रत्येक वेळचे विक्रीपत्र

महाराष्ट्रात मोटरबोटींची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयांत होते, गोव्यात ती ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्‌स’ या खात्याकडे होते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या इनलँड व्हेसल्स अॅक्टमध्ये नोंदणी आणि सर्वेक्षण या दोन्ही बाबी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे नोंदणीचा कागद आहे म्हणून बोट चालवण्यास योग्य ठरली, असे मानू नका. ज्या कार्यालयात नोंद आहे तेथे स्वतः जाऊन, क्रमांक सांगून, नोंद चालू आहे का आणि हस्तांतरणाला काय लागते, हे विचारून घ्या.

येथे एक सापळा वारंवार आढळतो. बोटीवरचा क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होत असेल, तर ती मासेमारी नौका म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदलेली आहे. अशा बोटीत प्रवासी बसवणे किंवा ती हौशी वापरासाठी परस्पर फिरवणे नियमात बसत नाही. शिवाय इंजिन सरकारी अनुदानातून घेतलेले असेल, तर त्याच्या विक्रीवर काही बंधन आहे का, याची चौकशी त्या विभागात करणे आवश्यक आहे.

बोट परदेशी बनावटीची असेल तर मागच्या बाजूला, उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, कोरलेला क्रमांक शोधा. अमेरिकी बोटींवर १९७२ पासून बारा अक्षरांचा क्रमांक असतो, युरोपीय बोटींवर त्याच्या आधी देशाची खूण येते. तो खरवडलेला किंवा पुटीने बुजवलेला दिसला, तर बोलणी तिथेच थांबवावीत. स्थानिक कारखान्यांत साच्यातून काढलेल्या बहुतेक बोटींवर असा क्रमांक नसतो, त्यामुळे तेथे खरेदी बिल आणि नोंदणीवरील मापे यांवरच भिस्त ठेवावी लागते. लांबी-रुंदी टेपने मोजून कागदाशी ताडून पाहा.

३. सोबत काय न्यावे

प्लॅस्टिकच्या तोंडाची लहान हातोडी, टोकदार दाभण, प्रखर टॉर्च, लहान आरसा, चार-पाच फुटांची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे मापक), स्पार्क प्लगचा पाना, रुंद तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, पांढरे कागद, चिंध्या आणि खडू. ओलावा मोजणारे मीटर मिळाले तर उत्तम, पण त्याच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवू नये, कारण नुकतीच पाण्याबाहेर काढलेली निरोगी बोटही ते ओली दाखवते. इंजिनासाठी स्वतंत्र मिस्त्री न्या. विक्रेत्याचाच नेहमीचा मिस्त्री पाहणीला घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी.

४. बूड आणि बाजू

सर्वप्रथम बोट खरोखर फायबरची आहे का, हे ठरवा. किनाऱ्यावर जुन्या लाकडी बोटींवर वरून फायबर मारून त्या विकण्याची पद्धत आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, परंतु लाकडावर मारलेल्या फायबरखाली ओल अडकते आणि लाकूड दृष्टीआड कुजत राहते. आतल्या बाजूने फळ्यांचे सांधे, खिळ्यांचे डाग किंवा लाकडी वाक दिसतात का ते पाहा. अशी बोट नवख्याने दुरुस्तीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर हातोडीने हलके ठोकत बुडाचा प्रत्येक वीतभर भाग तपासा. जिथे थर एकसंध आहेत तिथे आवाज टणक आणि स्वच्छ येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल, तर आवाज बद्द येतो. अशा जागेला खडूने वर्तुळ काढा. शेवटी वर्तुळे कुठे गोळा झाली हे पाहिले की बोटीला कुठे मार बसला होता, याचा अंदाज येतो.

जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या, बारीक चिरांचा आकार लक्षपूर्वक पाहा. एका बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या चिरा म्हणजे त्या जागी काहीतरी आपटले आहे. एकमेकींना समांतर, लांब चिरा मात्र अधिक गंभीर असतात, कारण त्या जागी बोट प्रत्येक लाटेला वाकते आहे, म्हणजे आतला आधार सैल झाला आहे. पाण्याखालच्या भागावर पुरळासारखे फोड दिसले, तर एखादा दाभणाने फोडून पाहा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण आतला द्रव दाबाखाली असतो. चिकट आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास असलेला द्रव आला, तर पाणी रेझिनपर्यंत पोहोचले आहे. चार-सहा फोड दुरुस्त करता येतात. सगळे बूड भरलेले असेल तर जेलकोट पूर्ण काढून, बोट काही महिने वाळवून, नव्याने थर द्यावे लागतात.

ओहोटीला वाळूवर किंवा कातळावर टेकणाऱ्या, किंवा दरवेळी किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या बोटींच्या बुडाची मधली धार झिजते. तिथे काचेचे तंतू उघडे पडले आहेत का, हे हात फिरवून पाहा. त्यानंतर सरळ पट्टी बुडाच्या मागच्या भागाला लांबीच्या दिशेने लावा. पट्टी आणि बूड यांच्यामध्ये पोकळी दिसली, तर ट्रेलरवर वर्षानुवर्षे चुकीच्या आधारावर ठेवल्याने बूड आत दबले आहे आणि अशी बोट वेगात नाक खाली घालून चालते.

नुकताच दिलेला रंग हा चांगला किंवा वाईट, यांपैकी कशाचाही पुरावा नसतो. मात्र फक्त एकाच पट्ट्यात नवा रंग असेल, तर कारण विचारा आणि आतून तीच जागा टॉर्चने पाहा.

५. ट्रान्सम

मागची सपाट भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेले असते, तिला ट्रान्सम म्हणतात. संपूर्ण पाहणीत अर्धा तास कुठे द्यायचा असेल तर तो येथे द्यावा. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सत्तर किलोंच्या आसपास भरते, शंभर अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक दीडशेच्या वर जाते, आणि लाटेवर आपटताना हे वजन कित्येक पटींनी जाणवते. हा सगळा भार फायबरच्या दोन थरांमध्ये बसवलेल्या प्लायवूडवर असतो. इंजिनाच्या बोल्टची भोके, पाणी काढण्याच्या बुचाचे भोक, शिडीचे आणि फिशफाइंडरचे स्क्रू यांपैकी कुठूनही पाणी शिरले की प्लायवूड आतल्या आत कुजते आणि बाहेरचा फायबर मात्र चकचकीत राहतो.

इंजिन थोडे वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरा आणि जोराने वर-खाली ढकला. सोबतच्या माणसाला ट्रान्सम आणि बाजू यांच्या सांध्याकडे पाहायला सांगा. भिंत हलली, सांधा उघडला-मिटला किंवा बोल्टखालून पाण्याची रेघ आली, तर प्लायवूड गेले आहे. बोल्टचे वॉशर फायबरमध्ये रुतलेले दिसणे हीसुद्धा तीच खूण आहे. बूच काढून भोकाच्या कडेला हाताचे बोट फिरवा. तपकिरी पाणी किंवा भुसा हाताला लागता कामा नये.

शंका उरली तर विक्रेत्याच्या परवानगीने आतल्या बाजूने, खालच्या भागात, चार मिलिमीटरच्या बिटने भोक पाडा. अनुभवी फायबर कारागीर काय करतो, ते मी जवळून पाहिले आहे. तो ड्रिलखाली पांढरा कागद धरतो, पडणारा भुसा चिमटीत घेऊन दाबतो आणि मग नाकाशी नेतो. फिकट, कोरडा, लाकडाचा वास असलेला भुसा आला तर प्लायवूड जिवंत आहे. काळपट, चिमटीत दाबल्यावर गोळा होणारा, कुजकट वासाचा भुसा आला, किंवा बिट काही प्रतिकार न होता आत गेले, तर ट्रान्सम नवा करावा लागणार. अशी दोन-तीन भोके वेगवेगळ्या उंचीवर पाडल्यास कूज कुठपर्यंत पोहोचली, हेही कळते. भोके नंतर इपॉक्सीने बुजवून द्यायची जबाबदारी आपली.

ट्रान्सम नवा करणे अशक्य नाही, पण ते किमतीतून वजा झालेच पाहिजे. त्यासाठी वापरले जाणारे प्लायवूड ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे, म्हणजे मरीन प्रतीचे असावे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिले जाणारे ‘आयएस ३०३’चे प्लायवूड फर्निचरसाठी असते आणि आधीच्या मालकाने तेच वापरले असण्याची शक्यता नेहमी विचारात घ्यावी.

शेवटी भिंतीची उंची मोजा. आउटबोर्डचे शाफ्ट, म्हणजे खाली पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) जाणारे दांडे, साधारण १५, २० आणि २५ इंच अशा लांबीचे येतात. इंजिनाची पंख्यावरची आडवी प्लेट बुडाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. तसे नसेल तर मूळ इंजिन बदलून हाती आले ते बसवले असण्याची शक्यता आहे.

६. फळीखालचा सांगाडा

बोटीच्या आत चालताना पाय कुठे दबतो, याकडे लक्ष द्या. मऊ लागणारी फळी बदलणे सोपे आहे; प्रश्न तिच्याखाली लांबीने जाणाऱ्या तुळयांचा, म्हणजे स्ट्रिंगरचा असतो. पाहणीचे झाकण उघडून आरसा आणि टॉर्चच्या साहाय्याने त्या पाहा आणि दाभण टोचून पाहा. जुन्या बोटींत फळीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षे पाणी शोषतो, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते, हे लक्षात घेतले म्हणजे ओल्या फोमची बोट जड आणि आळशी का होते, ते समजते.

बोट ट्रेलरवर असेल तर ती जवळच्या भुईकाट्यावर न्या. ट्रेलरसकट वजन करून, नंतर शक्य झाल्यास रिकामा ट्रेलर वजन करून, उत्पादकाने दिलेल्या वजनाशी तुलना करा. इंजिन, बॅटरी आणि इंधन यांचे वजन मिळवूनही दीड-दोनशे किलोंचा फरक उरत असेल, तर ते बहुधा पाणीच आहे. ही तपासणी फारसे कोणी करत नाही, आणि तिला विक्रेत्याकडे उत्तर नसते.

७. इंजिन

येण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगा आणि पोहोचल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. गरम इंजिन कोणतेही लगेच सुरू होते; खोड असेल ती थंड असतानाच दिसते.

झाकण काढून पांढरट क्षाराचे थर, गंजलेले बोल्ट आणि नव्या स्प्रे-रंगाचा वास पाहा. अनुक्रमांकाची पट्टी खरेदी बिलाशी ताडून घ्या. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने कसे धुतले जात होते, हे मालकाला विचारा. ज्याने ते नेमाने केले आहे तो नळी आणि जोडणी लगेच काढून दाखवतो.

सगळे प्लग काढून ओळीने कागदावर ठेवा. एक प्लग इतरांपेक्षा फार स्वच्छ, धुतल्यासारखा दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. मग इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. तो दहा टक्क्यांच्या आत असावा.

गिअरचे तेल पाहण्यासाठी खालचा स्क्रू हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते असलेच तर पहिल्या थेंबांत बाहेर येते. दुधासारखे पांढरट तेल म्हणजे सील गेले आहे. पंखा काढून त्यामागचा शाफ्टही पाहा. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तंगूस (नायलॉनचा धागा) तेथे गुंडाळले जाते आणि सील कापते. इंजिनाचा धातू वाचावा म्हणून त्याच्याआधी स्वतः झिजण्यासाठी बसवलेल्या झिंकच्या तुकड्यांवरूनही बरेच कळते. अर्धे झिजलेले झिंक म्हणजे ते आपले काम करत आहे. झिंक कोरे करकरीत आणि भोवतालचा धातू मात्र खाल्लेला असेल, तर ते विक्रीपुरते बसवले आहे. झिंकवर रंग मारला असेल तर ते निरुपयोगी आहे.

इंजिन बोटीच्या आत असेल, तर खाऱ्या पाण्याने थंड होणारे एक्झॉस्टचे भाग आतून किती खाल्ले गेले आहेत, हे ते उघडूनच पाहावे लागते. त्यासाठी जाणकार मिस्त्रीशिवाय निर्णय घेऊ नका.

८. इंधन आणि वीज

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल ओढते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. म्हणून जुन्या बोटीच्या सर्व इंधन-नळ्या बदलायच्याच आहेत, असे धरून चाला. फळीखाली कायमची बसवलेली टाकी असेल तर तिच्या तळाची तपासणी आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, वास आला तर कारण सापडेपर्यंत कोणतेही बटण दाबू नका.

वायर सोलून पाहा. तांब्यावर कथिलाचा मुलामा हवा; हिरवी-काळी पडलेली घरगुती वायर दिसली तर सगळे वायरिंग नवे करायचे आहे. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप आपोआप सुरू होतो का, ते पाहा.

९. पाण्यातली चाचणी

लाइफ जॅकेट सर्वांना, बोटीवर नांगर आणि वल्ही, किनाऱ्यावर कोणाला तरी परतण्याची वेळ सांगितलेली, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक हाताशी, एवढी तयारी करूनच निघा. भरती-ओहोटीची वेळ पाहून भरतीच्या पाण्यात चाचणी घ्या.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार त्यातून सतत पडते का, मागचा गिअर पडतो का, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखे फिरते का, हे जेटीजवळच पाहून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. बाहेर मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडा आणि उत्पादकाने सांगितलेल्या दर मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) इंजिन पोहोचते का, ते पाहा. पोहोचत नसेल तर बोट जड झाली आहे, पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. कारण शोधल्याखेरीज किंमत ठरवू नका. परत आल्यावर फळी उचलून तळात किती पाणी आले, हे लगेच तपासा.

१०. किंमत, करार आणि नावावर करणे

घरी आल्यावर सापडलेल्या दोषांची तीन भागांत विभागणी करा: स्वतः करता येण्याजोगे, कारागिराकडून करावे लागणारे आणि व्यवहार थांबवणारे. दुसऱ्या भागासाठी फायबर कारागीर आणि इंजिन मिस्त्री यांच्याकडून लेखी अंदाज घ्या आणि तेच कागद बोलणीच्या वेळी पुढे ठेवा. कुजलेला ट्रान्सम, ओला फोम आणि थकलेले इंजिन हे तिन्ही एकाच बोटीत असतील, तर ती फुकट मिळाली तरी महाग पडते. बोट मोठी किंवा किमती असेल तर स्वतंत्र नौका-सर्वेक्षकाची फी द्यायला मागेपुढे पाहू नका. त्याचा अहवाल पुढे विमा उतरवतानाही उपयोगी पडतो.

विसार देताना पावती घ्या आणि त्यावर बोटीचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा अनुक्रमांक, ठरलेली रक्कम व हस्तांतरण झाले नाही तर विसार परत मिळण्याची अट लिहून घ्या. उरलेली रक्कम विक्रीपत्रावर सह्या झाल्यानंतर, बँकेमार्फत द्या. मालक बंदर कार्यालयात स्वतः यायला तयार नसेल तर पुढे जाऊ नका. नोंदणी आपल्या नावावर होऊन विमा सुरू होईपर्यंत बोट पाण्यात घालू नये, कारण त्या काळात अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, या वादात विक्रेता आणि खरेदीदार दोघेही अडकतात.